आधी शॉप फ्लोअर, मग डिग्री

तंत्रशिक्षण मंडळाच्या उन्हाळी परीक्षेचा निकाल लागला की डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: लगेच डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरचा फॉर्म भर, वर्ष वाया घालवू नकोस. आईवडील सांगतात, मामा सांगतो, क्लासवाले तर सांगतातच. सल्ल्यामागे माया आहे, हे मला मान्य आहे. पण सल्ला चुकीचा आहे. पॉलिटेक्निकमध्ये शिकवताना त्याचे परिणाम मी जवळून पाहते, म्हणून स्पष्टच लिहिते. बहुतेक पदविकाधारकांनी पहिलं वर्ष कामावर काढावं आणि मग विद्यापीठाचा रस्ता निवडावा. याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे नंतर येते.

आधी दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकून घेऊ, कारण ते पोकळ नाही. दहावीनंतर 3 वर्षं डिप्लोमा आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन आणखी 3 वर्षं, म्हणजे एकूण 6. बारावी करून गेलेल्यालाही 2 अधिक 4 म्हणजे 6 वर्षंच लागतात. सीईटी द्यावी लागत नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर कॅप राउंड होतात. अशी बरोबरीची वाट समोर असताना मध्येच एक वर्ष नोकरी केली, तर सोबतचे पुढे जातील, अभ्यासाची सवय मोडेल, हातात पगार आला की मुलगा पुन्हा वर्गात बसायचा नाही. आईवडिलांची भीती ही आहे.

यातली वर्षांची बेरीज बरोबर आहे. चूक आहे ती दोन्ही वाटांवरची मुलं सारखीच तयारी घेऊन दुसऱ्या वर्षात पोचतात, हे धरून चालण्यात.

डिप्लोमाचा विद्यार्थी कितीतरी बाबतींत पुढे असतो. लेथवर त्याचा हात बसलेला असतो, सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला उन्हात उभं राहून त्यानं लेव्हल लावलेली असते, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधलं बेंडिंग मोमेंट त्याला नवं नसतं. बारावीहून आलेली मुलं सबमिशनच्या वेळी त्याच्याच भोवती गोळा होतात. मग गणिताचा तास सुरू होतो. डिप्लोमाला गणित साधारण पहिल्या वर्षातच आटोपतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातलं गणित, म्हणजे पार्शल डिफरन्शिएशन, मल्टिपल इंटिग्रल्स, बीटा-गॅमा फंक्शन्स, त्यानं केलेलंच नसतं. आणि दुसऱ्या वर्षाचं एम-थ्री उघडलं की समोर लाप्लास ट्रान्सफॉर्म: शून्यापासून अनंतापर्यंतचं इंटिग्रल. अनंतापर्यंत इंटिग्रेट करायचं म्हणजे काय, हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात आणि ही मुलं वर्गात येईपर्यंत एक-दोन युनिट पुढे गेलेली असतात. शिक्षक मागे वळून शिकवत नाहीत, त्यांनाही पोर्शन पुरा करायचा असतो.

मग एम-थ्रीला केटी लागते, तिच्या पाठोपाठ सिग्नल्स किंवा कंट्रोल सिस्टिम्स अडतात, आणि पुष्कळदा शेवटी इयर डाउन. जे वर्ष वाचवण्यासाठी एवढी धावपळ केली, ते असं जातं. वर फी गेलेली असते, आणि आपल्याला जमतच नाही असं मुलाच्या मनानं घेतलेलं असतं. हे शेवटचं नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण तो समज खोटा असतो. त्याला जमलं असतं, फक्त मधल्या पायऱ्या चढायला कुणी वेळ दिला नाही.

दुसरी घाई शाखेची. कुठल्याही शाखेचा डिप्लोमा असला तरी डिग्रीला वेगळी शाखा घेता येते. या सवलतीमुळे सिव्हिल आणि मेकॅनिकलची मुलं रांगेनं कॉम्प्युटरच्या जागा मागतात. ज्याला मनापासून प्रोग्रॅमिंग करायचंय त्यानं जरूर जावं. पण बाजारात त्याला भाव आहे एवढ्यावर 3 वर्षांची कमाई दाराबाहेर ठेवायची, आणि डेटा स्ट्रक्चर्सच्या वर्गात बारावीच्या मुलांहूनही मागून सुरुवात करायची, यात वर्ष वाचतं कुठे? आपली शाखा आवडते की नाही हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला परीक्षेच्या पेपरवरून कळत नाही. ते काम केल्यावर कळतं.

काम केल्यानं काय होतं, त्याचं एक उदाहरण देते. भोसरीच्या एका कारखान्यात माझी एक विद्यार्थिनी ॲप्रेंटिस होती. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये 80 मिलिमीटरचा बोअर, ड्रॉइंगवर टॉलरन्स एच-7, म्हणजे शून्य ते अधिक 30 मायक्रॉन. मशीनवर बोअर गेज घालून ओके केलेले जॉब फायनल इन्स्पेक्शनला अंडरसाइज निघत होते. ऑपरेटर गेजला दोष देत होता, क्वालिटीवाले ऑपरेटरला. ही मुलगी एक जॉब बाजूला ठेवून थोड्या थोड्या वेळानं मोजत बसली. मशीनवरून उतरलेला जॉब शॉपच्या हवेपेक्षा साधारण 15 अंशांनी गरम होता. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन वाढतं, तेव्हा 80 मिलिमीटरला 15 अंशांत 27-28 मायक्रॉन. सगळा टॉलरन्स त्यातच संपला. गरम असताना अधिक 20 दिसणारा बोअर गार झाल्यावर उणे 8 झालेला. मापं 20 अंश तापमानाला धरायची असतात, ही ओळ तिनं मेट्रॉलॉजीच्या पेपरला लिहून गुण मिळवले होते. तिचा अर्थ तिला त्या दिवशी लागला. पुढच्या वर्षी ती डिग्रीला गेली, तेव्हा हीट ट्रान्सफरचं पुस्तक तिनं स्वतःचे प्रश्न घेऊन उघडलं.

आता आईवडिलांच्या भीतीचं उत्तर. डिप्लोमाचे टक्के शिळे होत नाहीत. पुढच्या वर्षीही त्याच गुणांवर कॅपमध्ये उतरता येतं, मधल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र जोडलं की काम भागतं. शिष्यवृत्तीच्या अटींत खंडाबद्दल काय लिहिलंय ते मात्र आधी वाचून घ्यावं. ॲप्रेंटिसशिपला कायद्याचा आधार आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात 1973 च्या दुरुस्तीनं पदवी-पदविकाधारक आले. मुदत एक वर्षाची, विद्यावेतन ठरलेलं. सुरुवात आणि शेवट माहीत असलेलं हे वर्ष आहे, त्यात भरकटायला जागा कमी. संध्याकाळी वर्तीकर किंवा ग्रेवालचं गणिताचं पुस्तक उघडायचं आणि पहिल्या वर्षाचं गणित सावकाश संपवायचं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. रोज तासभर दिला तर वर्षात हे होतं. थकलेल्या अंगानं ते सोपं नसतं, पण गणिताची भीती वर्गात चाळीसजणांसमोर मोडण्यापेक्षा घरी एकट्यानं मोडलेली बरी.

आणि अभ्यास सुटेल म्हणणाऱ्यांनी एक नवी गोष्ट लक्षात घ्यावी. 2023-24 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं नोकरी करणाऱ्या पदविकाधारकांसाठी कामाच्या वेळा सांभाळून चालणाऱ्या पदवीच्या वर्गांना मोकळीक दिली. तिथे किमान एक वर्षाचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो आणि कामाचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतरात असावं लागतं. वाया गेलं म्हणतात ते वर्ष या वर्गांसाठी प्रवेशाची अट आहे. ॲप्रेंटिसशिप त्या अनुभवात धरतात का, हे कॉलेजला आधी विचारावं.

थांबा म्हटल्यावर काही हितचिंतक भलत्या वाटा दाखवतात, त्यांच्याबद्दल सावध करायला हवं. मागच्या पिढीतले अनेक ड्राफ्ट्समन आणि सुपरवायझर नोकरी सांभाळून एएमआयई झाले, आणि ती परीक्षा पदवीशी समकक्ष धरली जायची. तेव्हा ती वाट मानाची होती, त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण 31 मे 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्यांना पदवीशी ती समकक्षता मिळत नाही. पत्रव्यवहारानं इंजिनिअरिंगची डिग्री देतो म्हणणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर निकाल दिला. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलं गेलं. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. बारा-पंधरा वर्षं नोकरीत असलेल्या, त्या कागदावर बढती घेतलेल्या माणसांवर ही वेळ आली.

ज्यांना सरकारी नोकरी हवी आहे त्यांनीही घाईचा हिशेब पुन्हा मांडावा. सार्वजनिक बांधकाम विभागातला कनिष्ठ अभियंता, रेल्वेतला ज्युनिअर इंजिनिअर, महावितरणमधला पदविका अभियंता प्रशिक्षणार्थी, या जागांना डिप्लोमा चालतो. एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेला डिग्री लागते. म्हणजे एका परीक्षेची तयारी आजच सुरू करता येते, दुसरीसाठी पुढे वेळ आहे.

अपवाद म्हटलं होतं, ते सांगते. ज्याचं गणित पक्कं आहे, ज्याला गेट देऊन पुढे संशोधनात जायचंय, आणि ज्याला पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी आपल्या शाखेची जागा मिळतेय, त्यानं एक दिवसही थांबू नये. तिथे नव्वदी पार करूनही जागा हुकते, मिळालेली सोडायची नसते.

एका आक्षेपापुढे मात्र माझा युक्तिवाद तोकडा पडतो. मुलींच्या आया मला सांगतात, "मॅडम, मुलगा वर्षभर कामाला गेला तर घरचे त्याला परत पाठवतील. मुलगी घरात दिसली की स्थळं बघायला लागतात." हे खरं आहे आणि ते मी पाहिलेलं आहे. जिथे ही टांगती तलवार आहे तिथे मुलीनं लगेच प्रवेश घ्यावा, मिळेल त्या बऱ्या कॉलेजात घ्यावा, गणित नंतर बघू. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा शुल्कं पूर्ण माफ केली आहेत. फीचं कारण आता त्या घरांना पुढे करता येणार नाही. पण अशा मुलीला वर्गात आल्यावर कुणी सांभाळायचं? कॉलेजांनी थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांसाठी पहिल्या वर्षाच्या गणिताचे जादा तास लावले पाहिजेत, वेळापत्रकात, हजेरी घेऊन. आणि सीईटी सेलनं या मुलांच्या प्रवेशफेऱ्या दुसऱ्या वर्षाची सत्रं सुरू होण्याआधी संपवल्या पाहिजेत. ही मागणी पॉलिटेक्निकच्या आम्हा शिक्षकांनी दरवर्षी लेखी करायला हवी.