नावात डुक्कर, पुढ्यात केळं

गिनी पिग म्हटलं की आमच्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न हराम-हलालचा. अहो, तो डुक्कर नाही. उंदरासारखा कुरतडणारा प्राणी आहे, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. नावावर एवढी चर्चा होते, त्याच्या पोटात काय जातं यावर नाही.

धुळ्याच्या नातेवाइकांकडून मी असाच एक जळगावला आणला. मुलांची हौस फिटली होती. पत्र्याखाली पिंजरा, पुढ्यात बाजरी आणि केळं. केस विस्कटलेले, उचललं की किंचाळायचा. गुरांच्या डॉक्टरांनी स्कर्वी सांगितली. माणसासारखंच याचं शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही, ते रोज खाण्यातूनच मिळावं लागतं. केळ्यात ते थोडं, साखर जास्त. (जळगावात हे लिहायला धीर लागतो!) मग ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची एखादी फोड आणि दिवसभर सुकं गवत. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, गवत चावूनच झिजतात. दोन आठवड्यांत तो स्वतःहून गवताकडे चालत येऊ लागला.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. तिनं खायलाही दिलं नाही, सोडलंही नाही. पिंजऱ्याचा हिशेब तोच आहे. तीस अंशांपुढे या जिवाला उष्माघाताचा धोका, आणि आपला मे महिना पंचेचाळिशीला टेकतो. घरात थंड कोपरा नसेल, तर ईदीच्या पैशांतून हा प्राणी घेऊ नका. घेतलाच असेल, तर पिंजरा आजच पत्र्याखालून हलवा.