पायांइतकंच पोटा-पाठीकडे बघा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेल्या माणसाचा तोल जायला लागला की घरात सगळ्यांचं लक्ष पायांकडे जातं. काठी येते, पायांना तेल चोळलं जातं. ते जरूर करा. पण माझी कळकळीची विनंती आहे, पोट, पाठ आणि कंबरेच्या स्नायूंना विसरू नका.

या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि संदेश रेंगाळतात. फळीवरचा डबा काढायला आपण हात उचलतो, तेव्हा हात हलण्याच्या क्षणभर आधीच पोटाचे आतले स्नायू धड सावरून धरतात. एमएसमध्ये हा आधार उशिरा किंवा अपुरा मिळू शकतो. मग खुर्चीतून उठणं, कुशीवर वळणं, चप्पल घालायला वाकणंही जड जातं.

सुरुवात अंथरुणातच करता येते. उताणे झोपा, गुडघे दुमडा. श्वास सोडताना बेंबी हलकेच आत घ्या आणि श्वास न कोंडता थोडा वेळ तशीच धरा. ते जमलं की कंबर उचलायची. नंतर खुर्चीत पाठ न टेकता बसून एक हात पुढे न्यायचा आणि परत यायचं. मात्र प्रत्येकाचा एमएस वेगळा असतो, म्हणून आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. शेजारी कुणीतरी असू द्या. या व्यायामाने आजार बरा होत नाही, औषधं थांबवायची नाहीत. पण तोल आणि रोजची हालचाल सुधारायला त्याची मदत होते.

आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवा. अंग तापलं की नजर धूसर होते, पाय लटपटतात. अंग गार झालं की हे ओसरतं, घाबरू नका. सकाळच्या गारव्यात, पंख्याखाली, मध्ये विसावा घेत व्यायाम करा. नवा त्रास दिवसभराहून जास्त टिकला, तर मात्र डॉक्टरांना कळवा.

घरच्यांनो, रुग्णाला उठवताना हात धरून ओढू नका. त्यांना खुर्चीच्या कडेला सरकू द्या, पाय मागे घेऊ द्या, पुढे झुकून स्वतः उठू द्या. तुम्ही जवळ उभे राहा.

मुंबईत १९८५ साली सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना मार्गदर्शन करते. तिच्याशी संपर्क साधा. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आवर्जून विचारा, ‘मला पोटा-पाठीचे व्यायाम कोण शिकवील?’