पथ्याच्या यादीनं नस सुटत नाही

कंबरेतून निघून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट अंगठ्यापर्यंत उतरणारी कळ वर्षानुवर्षं सोसणारं माणूस नाशिकरोडला शोधावं लागत नाही. १९२८ पासून नोटा छापणारा करन्सी नोट प्रेस, त्याच्या जोडीचा सिक्युरिटी प्रेस, रेल्वे, एकलहऱ्याचं वीज केंद्र यांच्या पाळ्यांवर ही वस्ती वाढली. तासन्‌तास उभं राहणं, वाकून उचलणं नाहीतर एका जागी बसून राहणं, हेच इथल्या कित्येकांचं काम. अशा माणसाचा एमआरआय होतो, ‘गादी सरकलीय, नस दबलीय’ असं कळतं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात पथ्य सुरू होतं. वांगं-बटाटा बंद. हरभऱ्याची डाळ, वाल, मटकी वातूळ म्हणून बंद. दही, ताक, लिंबू, टोमॅटो आंबट म्हणून बंद. रात्रीचा भातही बंद. बदल्यात सकाळी अनशापोटी तूप, दुपारी डिंकाचा लाडू, रात्री हळदीचं दूध आणि मेडिकलमधून आणलेल्या ‘नसांच्या’ गोळ्या.

या यादीतलं जवळजवळ काहीच दबलेल्या नसेपर्यंत पोचत नाही. उलट ती पाळताना ताटातून जे हद्दपार होतं, त्याचीच त्या माणसाला सर्वांत जास्त गरज असते.

यादी देणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडायला हवी. चरकसंहितेनं सांगितलेल्या ऐंशी वातविकारांत गृध्रसीचं नाव आहे, आणि पायात उतरणाऱ्या या दुखण्याचं तिथलं वर्णन आजच्या सायटिकाशी चांगलं जुळतं. आहाराचा विचार हा त्या शास्त्राचा कणा आहे. शिवाय ज्या घरात दुखणं मुक्कामाला आलेलं असतं, तिथल्या बाईच्या हातात एमआरआय नसतो, शस्त्रक्रिया नसते, स्वयंपाकघर असतं. काहीतरी करायला हवं ही तिची तळमळ खरी आहे. पण वैद्य पथ्य सांगतो तो समोरच्या रोग्याची प्रकृती, अग्नी, वय, ऋतू पाहून. मोबाइलवर फिरणारी, सगळ्यांना सरसकट लागू केलेली यादी यातलं काहीच पाहत नाही. तिला आयुर्वेदाचं नाव देणं हा आयुर्वेदावरही अन्याय आहे.

आता दुखण्याची घडण पाहू. मणक्यांमधली गादी फुटून तिचा भाग नसेच्या मुळावर येतो आणि त्यातून पाय दुखतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये मांडलं. प्रौढ माणसाच्या या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. वरच्या-खालच्या मणक्याच्या पृष्ठभागातून पोषणद्रव्यं झिरपत झिरपत आत जातात. त्यामुळं तूप खाल्लं की मणक्यात वंगण उतरतं, ही कल्पना शरीराच्या रचनेत कुठंच बसत नाही. तूप पचतं, त्याची ऊर्जा होते, उरलेली चरबी म्हणून साठते. एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. ज्याचं चालणं दुखण्यानं आधीच कमी झालंय त्याच्या पोटावर त्या बसतात आणि पोटाचा भार पुन्हा त्याच कंबरेवर येतो. पोळीवर लावलेल्या तुपाबद्दल कुणाची तक्रार नाही. औषध म्हणून वाटीनं प्यायलेल्या तुपाबद्दल आहे.

‘पण आमच्याकडं यादी पाळली आणि फरक पडला’ हे उत्तर हमखास येतं. फरक पडला असेलच. फुटून बाहेर आलेला गादीचा भाग अनेकांच्या बाबतीत काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेतं. कळही बहुतेकांची काही आठवड्यांत उतरणीला लागते. त्या काळात जे पाळलं त्याला यश मिळतं, मग ते वांगं सोडणं असो की अंगठी घालणं. उलट बाजूही आहे. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा दिसला. म्हणजे चित्रात दिसलेला फुगवटा आणि पायातली कळ यांची गाठ आधी डॉक्टरांनी तपासून घालावी लागते. स्वयंपाकघराचा प्रश्न त्यानंतरचा.

आंबटाचं तसंच. दही, लिंबू किंवा टोमॅटोनं नसेची सूज वाढते याला भरवशाचा पुरावा नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खाल्ला की खरोखर त्रास होतो असं वाटत असेल, तर त्यानं तेवढा एक पदार्थ दोन-तीन आठवडे सोडावा, पुन्हा खाऊन बघावा आणि मग ठरवावं. पण दहा पदार्थ एकदम सोडले तर कशानं काय झालं हे कधीच कळत नाही. हळदीचं दूधही प्यावं, दुधासाठी. हळदीतला कर्क्युमिन हा घटक मुळात तीन-चार टक्के, आणि त्यातलाही फार थोडा आतड्यातून रक्तात जातो.

वातूळ डाळींच्या भीतीत मात्र एक खरा धागा आहे आणि तो सोडून देता कामा नये. पोट फुगलं, शौचाला कुंथावं लागलं, की पोटातला दाब वाढतो, तो पाठीच्या कण्यातल्या पोकळीपर्यंत जातो आणि दबलेली नस ठणकते. खोकताना, शिंकताना कळ येते ती याच कारणानं. त्यात ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं आणि नसेच्या दुखण्यासाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन बद्धकोष्ठ करतात. प्रीगाबालिननं बद्धकोष्ठाबरोबर वजनही वाढू शकतं. अन्नाचा आणि दबलेल्या नसेचा सर्वांत थेट संबंध जुळतो तो इथं, मलावरोधात. त्यावर उपाय डाळ सोडण्याचा नाही. मटकी, हुलगे रात्रभर भिजवावेत, ते पाणी फेकून द्यावं, मोड आणावेत, मऊ शिजवावेत, हिंग-जिऱ्याची फोडणी द्यावी, थोड्यापासून सुरुवात करावी. सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी-शेपूसारखी पालेभाजी, पेरू आणि पुरेसं पाणी. पुष्कळ माणसं शौचालयापर्यंत चालणं नको म्हणून पाणीच कमी पितात. त्यानं मल घट्ट होतो, आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या चालू असतील तर मूत्रपिंडावरचा ताणही वाढतो.

आहार आणि मज्जारज्जू यांचं नातंच नाही, असं या लेखाचं म्हणणं नाही. नातं आहे आणि ते कधीकधी फार क्रूर आहे. मध्य प्रदेशातल्या रीवा-सतना भागात दुष्काळाच्या काळात महिनोन्‌महिने मुख्यतः खेसारी डाळीवर, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखेवर, जगणाऱ्या गरिबांचे पाय कायमचे ताठरले. त्या डाळीतल्या विषारी घटकानं हालचालीच्या चेतापेशी जायबंदी केल्या आणि त्या पुन्हा सुधारल्या नाहीत. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर देशात बंदी आली. इथं घटक माहीत आहे, किती खाल्ल्यानं काय होतं हे माहीत आहे, इजा कुठं होते हेही माहीत आहे. वांग्या-बटाट्यावर आरोप करणाऱ्यांनी एवढं तरी दाखवायला हवं.

दुसरं नातं महाराष्ट्राच्या जास्त जवळचं आहे. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की नसांवरचं आवरण खराब होतं. हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, अंधारात तोल जातो. दुर्लक्ष झालं तर मज्जारज्जूचा मागचा आणि बाजूचा भाग झिजतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के लोकांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ते प्रमाण ८१ टक्के होतं. ज्यांच्या घरी दूधदुभतं आहे, तोच हा वर्ग. या अभ्यासाकडं पाहिलं की पायाच्या प्रत्येक मुंगीचा दोष सरकलेल्या गादीवर टाकायची घाई करू नये असं वाटतं. एकाच माणसात दोन्ही दुखणी असू शकतात आणि त्यातलं बी-१२चं दुखणं वेळेत पकडलं तर बरं होण्यासारखं असतं. अशा माणसाचं दही-ताक बंद करणं म्हणजे शाकाहारी ताटातला बी-१२चा मुख्य झराच बुजवणं. वनस्पतींत हे जीवनसत्त्व नसतं. इडली-डोशाच्या आंबवण्यातून ते भरवशानं मिळत नाही, आणि स्पिरुलिनात जे असतं ते बरंचसं शरीराच्या उपयोगी न पडणारं रूप असतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत किंवा रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत ते आणखी खालावतं.

मग गोळ्याच घेतल्या तर? तिथंही डोळे उघडे ठेवायला हवेत. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि तिनं गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा शोध घेतला. मार्माइट नावाच्या यीस्टच्या अर्कानं त्या बऱ्या होतात, हे तिनं १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला घटक पुढं फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. मुंबईच्या गिरणगावानं जगाला दिलेली ही मोठी देणगी. पण त्याच फॉलिक ॲसिडची एक अडचण नंतर लक्षात आली: बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, नसांची झीज मात्र आत चालूच राहते. म्हणून लोह-फॉलिकचं टॉनिक मनानं सुरू करण्याआधी बी-१२ तपासून घ्यावं. बी-६चं आणखी वेगळं. १९८३ मध्ये अमेरिकेत सात प्रौढांची नोंद झाली. रोज काही ग्रॅम बी-६ घेऊन त्यांच्या संवेदनांच्या नसाच खराब झाल्या होत्या, त्यांना चालणं अवघड झालं होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. आपल्याकडं ‘नसांच्या’ बहुतेक गोळ्यांत बी-६ असतं आणि तीन ठिकाणांहून तीन नावांच्या गोळ्या आणणाऱ्याला आपण एकच गोष्ट तीनदा घेतोय हे कळत नाही. ६० हजार युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक, ठराविक आठवडे, तीही तपासणीनंतर. ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम साठून बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाची इजा होऊ शकते.

तंबाखू-मिश्रीबद्दल यादीत सहसा अक्षर नसतं, आणि हीच तिची सर्वांत मोठी उणीव आहे. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मणक्यात आधीच झिरपत येणारं पोषण आणखी आटतं. वांगं सोडण्यापेक्षा विडी आणि मिश्री सोडणं कितीतरी अवघड. पण घरानं आग्रह धरायचा तर तो तिथं धरावा. मधुमेह असेल तर साखरेवरचा ताबाही तितकाच मोलाचा, कारण वाढलेली साखर नसांना वेगळी इजा करते आणि दोन इजांची बेरीज एकाच पायात होते.

जांघेचा, बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, पाऊल उचलता येईना, तर पथ्य, शेक, मालिश सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जावं. तिथं काही तासांचाही उशीर महाग पडतो.

एरवी ताट कसं असावं? कंबरेला आधार देणारे स्नायू दुखण्याच्या काळात झपाट्यानं रोडावतात. व्यायाम त्यांना परत आणतो आणि व्यायामाला प्रथिनं लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागं ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधातून तेवढीच, एका अंड्यातून सहा, मूठभर शेंगदाण्यातून सात. डाळ, कडधान्य आणि दही काढून घेतलेल्या ताटात पन्नासचा आकडा गाठणं शाकाहारी घराला जवळजवळ अशक्य होतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. कॅल्शियमसाठी नाशिककरांना दूर जायला नको. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात पिकणाऱ्या नागलीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आठवड्यातून तीन-चारदा नागलीची भाकरी, कधी आंबील, मांसाहारी घरात सुकट-बोंबील, एवढं पुरतं.

आणि उपवासाचं. कंबर बरी व्हावी म्हणून संकष्टी, चतुर्थी, गुरुवार धरणारी पुष्कळ माणसं आहेत. श्रद्धेला हात लावायचं कारण नाही. फक्त साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही, त्यानं पोट जड होतं आणि दुसऱ्या दिवशी कुंथावं लागतं. त्याऐवजी याच डोंगरात पिकणारी भगर करावी, सोबत शेंगदाण्याची आमटी, वाटीभर दही, राजगिऱ्याची भाजी आणि हंगाम असेल तेव्हा द्राक्षाचा एक घोस. दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. त्या दिवशी ती फराळानंतर घ्यावी.