दंड भरला, पण नोंद राहिली

तारापूरच्या अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला लागायचे तर आधी पोलिसांची चारित्र्य पडताळणी, मग गेटपास. पालघर-बोईसरच्या पाड्यांवरल्या पोरासाठी त्या गेटपासवर घरची चूल पेटते. अर्जात एक रकाना असतो : आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? चार वर्षांपूर्वी लग्नसराईत मोहाच्या दारूचा कॅन नेताना पकडलेला पोरगा तिथे ‘नाही’ लिहितो. त्याच्या मनात खोटेपणा नसतो. कोर्टात त्याने ‘कबूल’ म्हटले, दंड भरला, पावती घेतली. केस मिटली, असे त्याला सगळ्यांनी सांगितले. कायद्याच्या लेखी मात्र गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोष सिद्ध होणे. पडताळणीत ती नोंद निघते आणि पोरगा दोनदा गुन्हेगार ठरतो, आधी दारूसाठी आणि मग माहिती लपवल्याबद्दल.

पडताळणी नको, असे आम्ही म्हणणार नाही. १९६९ पासून येथे अणुवीज तयार होते आहे. पुढे ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या आल्या. शिवाय वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा प्रकल्पही येथे आहे. २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले. ते काम आतल्याच कोणाचे तरी असल्याचा निष्कर्ष निघाला. २०१४ मध्ये कल्पाक्कम अणुकेंद्राच्या सुरक्षा दलातल्याच जवानाने तीन सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारले. धोका कुंपणाच्या आतही असतो. म्हणूनच आत जाणारा माणूस कोण आणि तो आज कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहिलेच पाहिजे.

पण आपण नेमके काय पाहतो? दारूचा संबंध सुरक्षेशी येतो तो उधारी वाढते, जीभ सैल होते, पाळीवर हात थरथरतो म्हणून. हे आजचे प्रश्न आहेत. पोलीस ठाण्यातली जुनी नोंद त्यांचे उत्तर देत नाही. राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय दारू पिणेही गुन्हाच आहे. वारली लग्नात ताडी नि मोहाची दारू पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नोंद होते ती पाड्यावरच्याची. बंद दाराआड रोज रात्री बाटली संपवणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावावर कागदाचा चिटोराही नसतो. आणि अणुभट्टीला खरा धोका त्याच्याकडून अधिक आहे.

अमेरिकेत गोपनीय कामाची परवानगी देताना दारूचा आणि गुन्ह्याचा इतिहास बारकाईने तपासतात. पण गोष्ट किती जुनी, माणसाने ती स्वतःहून सांगितली का, उपचार घेतले का, दारू सुटून किती काळ झाला, हेही तितक्याच बारकाईने पाहतात. तिथल्या अणुवीज केंद्रांत पाळीआधी किमान पाच तास दारू वर्ज्य असते. आपल्याकडे वैमानिकाला उड्डाणाआधी बारा तासांची बंदी आहे. प्रत्येक पाळीला, साहेबापासून हेल्परपर्यंत सर्वांची श्वासतपासणी करा, आम्ही पाठीशी उभे राहू. मात्र जो स्वतः येऊन सांगतो, मला व्यसन लागले आहे, त्याचे काम उपचार संपेपर्यंत राखून ठेवले पाहिजे. नाहीतर कोणीच बोलणार नाही, आणि लपवलेले व्यसन हेच सर्वांत घातक. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून माणसे उभी करते आहे. ठेकेदाराच्या कामगारालाही तो रस्ता मोकळा हवा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात वाट आखून दिली आहे. माहिती खरीच द्यावी लागेल. पण तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा असेल, तर तो लपवला गेला तरी नियुक्ती देणाऱ्याला सोडून देता येईल. अर्जातला प्रश्नही संदिग्ध नको. सरकारी नोकरीसाठी दिलेला हा निकाल गेटपासच्या खिडकीपर्यंत पोचवावा लागेल. नाकारण्याआधी त्या पोराला समोर बसवून विचारा, कारण लेखी द्या, दाद मागायला जागा ठेवा. तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांनी गाव सोडले, त्यांच्या नातवंडांचे एवढे देणे लागतेच. आणि त्या रकान्याखाली दोन ओळी ठळक मराठीत छापा : दंड भरून मिटलेला गुन्हाही येथे लिहावा. तो लिहिला म्हणून काम आपोआप नाकारले जाणार नाही.