वाचल्याचे देणे

३० मे २०२३ ची सकाळ. सांबरा विमानतळाजवळ एक लहान प्रशिक्षण विमान तांत्रिक बिघाडामुळे होनिहाळच्या शेतात उतरवावे लागले. आत दोघे होते. दोघेही किरकोळ दुखापतीवर बचावले. आसपासच्या गावांतून मिळेल त्या वाहनाने माणसे तिकडे धावली. त्यांत मीही होतो. लहानपणापासून डोक्यावरून जाणारी विमाने पाहिली होती. शेतात पडलेले विमान पहिल्यांदाच पाहत होतो. जमलेल्यांत कोणी मराठीत "थोडक्यात निभावलं" म्हणत होते, कोणी कानडीत "देवरू दोड्डवनु" म्हणत होते. भाषा दोन होत्या, भावना एकच होती.

घरी येऊन आजीला सारे सांगितले. तिने जागेवरूनच हात जोडले. "दोघंबी वाचले न्हवं? देवीनं राखलं बघ."

मी वयाला शोभेल असा आगाऊ प्रश्न केला, "मग चार महिन्यांमागं आपल्या सारथीसाहेबांना का नाही राखलं?"

आजी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते मला काय ठावं? खरं जे वाचले, त्यांनी आता नीट वागाय पायजे."

आजीचे हे वाक्य तेव्हा मला उत्तर वाटले नाही. आज वाटते, आणि तेच या लेखात मांडावयाचे आहे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना २८ जानेवारी २०२३ हा दिवस आठवत असेल. ग्वाल्हेरच्या हवाई तळावरून सरावासाठी निघालेल्या सुखोई-३० आणि मिराज-२००० या दोन लढाऊ विमानांना मध्य प्रदेशातील मुरैना जिल्ह्यावर अपघात झाला. सुखोईतील दोन्ही वैमानिक बाहेर झेपावले आणि वाचले. मिराजचे वैमानिक, आपल्या बेळगावचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी, यांना वीरमरण आले. दुसऱ्या दिवशी त्यांचे पार्थिव बेळगावात आले आणि सारा गाव हळहळला. एकच अपघात, एकच आकाश. पण दोन घरांत देवापुढे दिवा लागला असेल आणि एका घरातला विझला. "देवाने वाचवले" हे वाक्य वाचलेल्यांच्या घरात जितके गोड लागते, तितकेच ते तिसऱ्या घरात टोचते. म्हणून ते उच्चारताना आपला आवाज थोडा खाली असावा, असे मला वाटते.

याचा अर्थ कृतज्ञ होऊ नये असा नाही. प्रश्न इतकाच आहे, की कृतज्ञता म्हणजे नेमके काय?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शाळा मराठी माध्यमात झाली, हिशेबशास्त्र मात्र इंग्रजीत शिकतो. तरी वैयक्तिक खात्याचा पहिला नियम मी मनाशी मराठीतच म्हणतो: घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. ज्याला काही मिळाले तो देणेकरी झाला. आपण जीव वाचल्याची नोंद नेमकी उलटी करतो. तो नफा धरतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो आणि वही मिटतो. माझ्या मते वाचणे हा नफा नव्हे. ते आपल्या नावे पडलेले देणे आहे.

हे देणे कोणाचे? हवाई प्रवासाचा इतिहास पाहिला की उत्तर मिळते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील सर्वच्या सर्व ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर समोरून येणाऱ्या विमानाची आगाऊ सूचना देणारे यंत्र आपल्या देशात प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादला उड्डाण करणारे विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. विमानातील ११८ पैकी ५५ जण गेले. वैमानिकांच्या चुकीबरोबरच, विमान उडण्याच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक थांबवली जात नव्हती हेही चौकशीत पुढे आले. आज आपला एखादा नातेवाईक सांबऱ्याहून मुंबईला किंवा हैदराबादला सुखरूप उतरतो, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेत अशा अनोळखी मृतांचा वाटा असतो. त्यांच्या खात्यावर आपण जमा काय केले?

जिथे ही जमा झाली नाही तिथे काय होते, तेही पाहावे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला दुबईहून आलेले विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर न थांबता दरीत गेले. १६६ पैकी फक्त ८ वाचले. विमान नीट स्थिरावलेले नसतानाही मुख्य वैमानिकाने उतरण्याचा हट्ट सोडला नाही. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास सांगितले होते, असे चौकशीत आढळले. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोडला तसाच डोंगरमाथा आणि तशीच धावपट्टीबाहेरची घसरण. १९० पैकी २१ जण दगावले. अहवालात पुन्हा तेच: विमान स्थिरावलेले नव्हते आणि सहवैमानिकाची सूचना पाळली गेली नाही. मंगळूरच्या १५८ जणांनी प्राण देऊन शिकवलेला धडा दहा वर्षांत पुरता गिरवला गेला नव्हता. याला मी थकलेले देणे म्हणतो.

पण कोळिकोडच्याच त्या रात्रीची दुसरी बाजूही आहे. कोरोनाचे दिवस होते. पाऊस कोसळत होता. विमानाचे तुकडे झाले होते आणि इंधन केव्हाही पेटेल अशी भीती होती. तरीही आसपासची माणसे धावली. मिळेल त्या गाडीतून त्यांनी जखमींना इस्पितळात पोचवले आणि रक्त देण्यासाठी रात्री रांगा लावल्या. ज्या साथीत माणूस माणसाला शिवायला भीत होता, त्या साथीत हे घडले. जे वाचले त्यांना देवाने वाचवले असेल, तर त्याने ते त्या माणसांच्या हातांनी वाचवले.

आणि १२ जून २०२५ चे अहमदाबाद कोण विसरेल? उड्डाणानंतर काही क्षणांतच विमान एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. वेळ दुपारच्या जेवणाची होती. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ जण गेले. ताटावर बसलेल्या आपल्याच वयाच्या मुलांना आपण विमान अपघातात सापडू असे स्वप्नातही वाटले नसेल. जो एकटा प्रवासी वाचला, त्याचा सख्खा भाऊ त्याच विमानात गेला. सारे जग त्याला भाग्यवान म्हणत होते. त्या शब्दाचे वजन त्याला कसे पेलले असेल?

कोणी म्हणेल, विमान अपघात क्वचितच होतात; कॉलेजच्या पोरांना त्याचे काय? खरे आहे. प्रवासी विमान हे फार सुरक्षित वाहन आहे. पण ते सुरक्षित झाले, कारण तिथे "थोडक्यात निभावलं" म्हणून वही मिटत नाहीत. प्रत्येक अपघातानंतर ध्वनिमुद्रण ऐकले जाते, तुकडा तुकडा गोळा होतो, अहवाल लिहिला जातो. चौकशीचा हेतू कोणाला फासावर चढवणे हा नसतो, तर पुढचा अपघात टाळणे हा असतो. आपल्या रोजच्या जगण्यात मात्र उलट चालते. बसच्या दारात लोंबकळत येणारा हात सुटता सुटता वाचतो, वर्गात येऊन हसत किस्सा सांगतो आणि संध्याकाळी पुन्हा त्याच दारात लोंबकळतो. पावसात दुचाकी घसरते, गुडघा फुटतो, आई मंगळवारी देवीची ओटी भरते; पण गुळगुळीत झालेला टायर बदलला जात नाही आणि हेल्मेट खुंटीवरच राहते. मीही यांतलाच एक आहे, हे कबूल करतो. माझे हेल्मेट मी हा लेख लिहायला घेतल्यावर खुंटीवरून काढले.

मित्रहो, आपल्या हाती धावपट्टी नाही की चौकशी समिती नाही. पण कोणाचा रक्तगट कोणता याची यादी प्रत्येक वर्गाने करून ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात प्रथमोपचार शिकावा आणि तो प्रमाणपत्रापुरता शिकू नये. रस्त्यात पडलेल्याला उचलताना तो मराठी की कन्नड असे होनिहाळच्या शेतात कोणी विचारले नव्हते. आपणही विचारू नये. आणि "थोडक्यात वाचलो" असे तोंडून निघाले, की लगेच स्वतःला विचारावे: कशाने वाचलो, आणि पुढच्या वेळी दुसरा वाचावा म्हणून मी काय दुरुस्त केले?

आजीला हिशेबशास्त्र येत नाही. पण वाचलेल्याने नीट वागले पाहिजे, हे तिचे वाक्य माझ्या पाठ्यपुस्तकातील नियमाहून वेगळे नाही. घेणाऱ्याचे खाते नावे. आपण सारेच घेणारे आहोत. ताळेबंद जुळवायचा असेल, तर उरलेले आयुष्य जमेच्या बाजूला लिहावे लागेल.