ओरडणाऱ्याच्या वावरात फुकट मजुरी करू नका



उन्हाळ कांद्याचं रोप यंदा बरं उतरलंय. पीळ कुठं दिसला नाही. आता लागणीला मजूर मिळाले म्हणजे जिंकलो. शेताचं आज एवढंच. बाकी आज निवडणुकीवर लिहितोय. काही जणांना राग येईल, येऊ द्या.

मोठ्या आवाजाचा, रोज टीव्हीवर दिसणारा नेता समोर असला की त्याच्या विरोधातली माणसं काय करतात बघा. तो काल काय बोलला ते आज सकाळपासून फिरवतात. फोटो त्याचा, व्हिडिओ त्याचा, खाली शिवी आपली. संध्याकाळपर्यंत तो नवीन काहीतरी बोलतो, म्हणजे उद्याचं काम तयार. याला ही मंडळी प्रचार म्हणतात. मी म्हणतो, ही त्याच्या वावरातली फुकटची मजुरी आहे, आणि डबाही घरूनच न्यायचा.

लव्हाळा ज्याच्या रानात आहे त्याला जास्त सांगायला नको. वरून खुरपला की रान स्वच्छ दिसतं, मनाला बरं वाटतं. आठ दिवसांत खालच्या गाठीतून परत उभा. अशा नेत्याचं बोलणं म्हणजे वरचं पातं. गाठ खाली आहे. लोकांना वाटणारी भीती ही एक गाठ, आणि ‘हे शिकलेले लोक आपल्याला हसतात’ हा राग ही दुसरी. पात्यावर खुरपं चालवून गाठ मरत नाही.

हवेतलं बोलत नाही. एक उदाहरण देतो. लांबचं आहे, पण त्यात कांदा आहे.

तुर्कस्तान. २०१९ च्या डिसेंबरात आपल्याकडं कांदा शंभरी पार गेला आणि सरकारनं बाहेरून कांदा मागवला, त्यातला काही याच देशातून आला. आपली निर्यातबंदी तर २९ सप्टेंबरपासून होतीच. पण त्याच वर्षी, त्याच्या आधी, तिथं काय झालं ते आपल्याकडं फार कोणी सांगितलं नाही.

तिथले अध्यक्ष एर्दोआन. १९९४ साली इस्तंबूलचे महापौर झाले, तिथून पंतप्रधान, मग राष्ट्राध्यक्ष. शहर २५ वर्षं त्यांच्याच प्रवाहाच्या ताब्यात. सरकारी वाहिनी त्यांची, आणि खासगीतला मोठा माध्यमसमूहही २०१८ मध्ये सरकारच्या जवळच्या उद्योगसमूहानं विकत घेतलेला. दिवसाला दोन-चार सभा, आणि प्रत्येक सभा टीव्हीवर. विरोधक वर्षानुवर्षं एकच करत आले होते: एर्दोआन कसा वाईट, हे सांगणं. आणि वर्षानुवर्षं हरत आले होते.

२०१८-१९ च्या हिवाळ्यात तिथं कांदा, बटाटा, टोमॅटो कडाडला. सरकारनं काय केलं? कांद्याच्या गोदामांवर धाडी. निफाड-लासलगावच्या माणसाला ओळखीचं वाटतंय ना? मग फेब्रुवारीत इस्तंबूल आणि अंकारात स्वस्त भाजीचे सरकारी स्टॉल उघडले आणि लोक रांगेत उभे राहिले. महागाईला त्यांनी अन्नाचा दहशतवाद ठरवलं. सभेत म्हणाले की तुम्ही टोमॅटो-वांग्याचं बोलता, बंदुकीच्या गोळीची किंमत माहीत आहे का? निवडणूक महापालिकेची, पण प्रचार देशाच्या अस्तित्वाचा. कांद्याला जागाच ठेवायची नाही, अशी ती आखणी.

अशा वेळी विरोधकाला मोह होतो की या गोळीच्या वाक्यावरच महिनाभर तुटून पडावं. इस्तंबूलचे उमेदवार एक्रेम इमामोग्लू. तोवर एका उपनगराच्या पालिकेचे महापौर, मोठं नाव नाही. ते तुटून पडले नाहीत. त्यांच्या पक्षाच्या प्रचाराची आखणी करणारे आतेश इल्यास बाशसॉय यांनी कार्यकर्त्यांसाठी एक छोटं पुस्तक काढलं होतं, नाव ‘रादिकाल सेवगी’, म्हणजे टोकाचं प्रेम असं समजा. त्यातलं सांगणं थोडक्यात दोन वाक्यांचं: एर्दोआनकडं दुर्लक्ष करा. आणि एर्दोआनवर प्रेम करणाऱ्यांवर प्रेम करा.

पहिलं वाक्य सगळ्यांना कळतं. अवघड आहे ते दुसरं.

इमामोग्लूंनी ते कसं केलं बघा. जानेवारीत थेट एर्दोआन यांना भेटायला गेले आणि त्यांचंच मत मागितलं. मिळणार नव्हतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. पण त्यांना मानणाऱ्या माणसाला काय दिसलं? हा आपल्या माणसाचा अपमान करत नाही. मार्चमध्ये न्यूझीलंडला मशिदीत गोळीबार झाला. एर्दोआन यांनी त्याची चित्रफीत सभेत दाखवली. इमामोग्लू मशिदीत गेले आणि मेलेल्यांसाठी कुराण वाचलं. बाकी दिवस बाजारात, बसथांब्यावर, दुकानात. विरोधी वस्तीत कोणी तोंडावर शिवी दिली तर थांबून ऐकायचं. बोलायचं काय? विद्यार्थ्यांचा बसपास, लहान पोरं असलेल्या आयांना फुकट प्रवास, पाळणाघरं. घरातल्या बाईला ज्याचा हिशोब लागतो तेवढंच.

३१ मार्च २०१९ ला मतदान झालं. रात्री समोरचे उमेदवार, माजी पंतप्रधान बिनाली यिल्दिरिम यांनी आपणच जिंकल्याचं जाहीर केलं, आणि सरकारी वृत्तसंस्थेचे आकडे कितीतरी तास थांबले. इथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. इमामोग्लू रात्रभर पत्रकारांसमोर येत राहिले, आपले आकडे सांगत राहिले. ते आकडे आले कुठून? पक्षाच्या शहराध्यक्ष जानान काफ्तानजोग्लू यांच्या हाताखालच्या कार्यकर्त्यांनी मतपेटीशेजारी बसून सही-शिक्क्याचे निकालपत्रक गोळा केले होते. प्रेमाची भाषा दिवसा, आणि कागद हातात रात्री. फरक फक्त १३ हजारांच्या आसपास मतांचा, एवढ्या मोठ्या शहरात. कागद नसता तर ते प्रेम कुणी विचारलं असतं?

६ मे ला निवडणूक आयोगानं निकाल रद्द केला. आपल्याकडचा कार्यकर्ता असता तर त्या रात्री काय बोलला असता, तुम्हीच आठवा. ते जाकीट काढून, बाह्या वर करून बोलले. राग होता, पण शिवी नव्हती. प्रचारात एक शाळकरी पोरगा बसच्या बाजूनं धावत ओरडला होता की सगळं छान होणार. तीच घोषणा झाली. २३ जूनला परत मतदान. १३ हजारांचा फरक ८ लाखांवर गेला. ५४ टक्के मतं. हे ८ लाख आकाशातून पडले नाहीत. त्यात अनेक जण आधी दुसरीकडं मत देणारे होते. त्यांना तुम्ही अंधभक्त, मूर्ख, विकलेले म्हणाला असता तर आले असते का?

आता तुमचे प्रश्न येतील, तेही घेतो.

एक जण म्हणेल, भाऊ, कांद्यावर लढलं की जिंकतं, एवढंच ना? नाही. २०२३ ला किलिचदारोग्लू एर्दोआन यांच्याविरुद्ध उभे होते. त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून हातात कांदा घेऊन व्हिडिओ टाकला: आज किलो ३० लिरा, हे राहिले तर १०० होईल. कांदा खरा होता, महागाई खरी होती. पण पहिली फेरी अपेक्षेसारखी गेली नाही, आणि मग पंधरा दिवसांत त्यांची भाषा एकदम कडक झाली, निर्वासितांना हाकलायची. म्हणजे समोरच्याच्या रानात समोरच्याच्याच औजारानं नांगरायला गेले. ५२-४८ ने हरले. भाव वाढला म्हणून माणूस आपोआप तुमच्याकडं येत नाही. तुम्ही आलात तर घर नीट चालवाल, असा भरवसा लागतो. तो पंधरा दिवसांत उगवत नाही.

दुसरा म्हणेल, खोटं बोलणाऱ्याला उत्तरच द्यायचं नाही? द्यायचं. एकदा, कागदासह, आणि पुढं चालायचं. निकालाच्या रात्री आकड्याला आकड्यानं उत्तर दिलंच की. दिवसभर त्याच्याच तोंडाकडं बघत बसणं हे उत्तर नव्हे.

तिसरा प्रश्न खरा जड आहे. इमामोग्लू २०२४ ला परत जिंकले, त्यांचा पक्ष देशात १९७७ नंतर पहिल्यांदा पहिल्या नंबरवर आला. आणि मार्च २०२५ ला विद्यापीठानं त्यांची पदवी रद्द केली, दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी उचललं, चार दिवसांत तुरुंगात. मग प्रेमानं काय मिळालं?

माझं उत्तर सरळ आहे. प्रेमाच्या भाषेनं निवडणूक जिंकता येते. सत्ता हातात असलेल्याचा हात त्यानं धरता येत नाही, त्यासाठी न्यायालय, कागद, रस्त्यावरची माणसं सगळं लागतं. पण एक बघा. वर्षानुवर्षं टीव्हीवर शिव्या घालणारे विरोधक तिथं पुष्कळ होते. त्यांची सत्तेला इतकी भीती वाटली नाही. भीती वाटली ती त्याची, जो त्यांचाच मतदार गोडीनं घेऊन जात होता.

यात आपल्या शेतकऱ्याचं काय, तर सगळंच आहे. रोजच्या चर्चेत जागा मोजकीच असते. त्यात ‘तो काय म्हणाला’ भरलं की भाव, वीज, पाणी, पीकविमा बाहेर पडतात. जो ओरडतो त्याचा त्यात फायदा, जो त्याला शिव्या देतो त्याचंही नाव होतं. मरतो तो ज्याचा माल खळ्यावर पडून आहे. गोळीच्या भावावर वाद झाला की कांद्याच्या भावावर होत नाही, हे ओरडणाऱ्याला पक्कं माहीत असतं. आपल्यालाच माहीत नाही.

तेव्हा कोणत्याही पक्षाचे असा, यंदा एवढं करा. त्याचा व्हिडिओ पुढं पाठवू नका, शिवी घालायलासुद्धा नाही. त्याला मानणारा जो शेजारी आहे, ज्याच्या विहिरीवरून तुम्ही अडीनडीला पाणी घेता, त्याच्याकडं जाऊन बसा. पक्ष काढू नका. त्याच्या घरचं अडलंय काय ते विचारा आणि ऐका. आणि मतदानाच्या दिवशी बूथवर शेवटपर्यंत बसणारी, निकालाचा कागद हातात घेतल्याशिवाय न उठणारी दोन माणसं आतापासून ठरवून ठेवा.

शिवीला कष्ट पडत नाहीत, म्हणून ती सगळे देतात. हे कष्टाचं काम आहे. आपण कष्टाला भिणारी माणसं नाही.

पटलं तर चार जणांना सांगा. नाही पटलं तर खाली लिहा, वाचतो मी. फक्त शिवी नको.