रस्त्याचा हक्क

सकाळी सातच्या सुमारास नावड्यात हे रोज दिसतं. सायकलच्या कॅरिअरवर एक मूल, पुढे दांडीवर बसवलेल्या छोट्या सीटवर दुसरं. हँडलला दोन दप्तरं लटकलेली. अब्बा त्यांना शाळेच्या फाटकाशी उतरवून तसेच पुढे कंपनीत पहिल्या पाळीला जाणार असतात. कधी सायकल अम्मी चालवत असते, पण क्वचितच. आणि शेजारून, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावरून, कंटेनर जातो.

नावड्याची जागाच अशी आहे. एका अंगाला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला कळंबोलीचा लोह-पोलाद बाजार, मधून पनवेल-मुंब्रा रस्ता आणि न्हावाशेवा बंदराच्या मालाची रात्रंदिवस ये-जा. त्या उंच केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला डाव्या बाजूला अगदी खेटून चाललेली सायकल दिसतच नाही. त्याचा दोष नेहमी नसतो. गाडीच तशी आहे. सहा वर्षांच्या मुलाचं डोकं तर तिच्या चाकाएवढ्या उंचीवर असतं.

आपल्या घरातली मुलं हा रस्ता दोनदा नाही, चारदा वापरतात. शाळेत जाताना, येताना, मग दुपारी किंवा असरनंतर मकतबला जाताना आणि परतताना. शिक्षणहक्क कायद्याच्या महाराष्ट्रातल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत. म्हणजे लहान मूल चालत किंवा सायकलवर येईल हे सरकारने गृहीतच धरलं आहे. त्या एका किलोमीटरवर फुटपाथ सलग आहे का, हे मात्र कुठल्याच नियमात विचारलेलं नाही. दुचाकीवर मागे बसलेल्या 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि सुरक्षापट्टा हवा, वेग ताशी 40 च्या वर नको, असा केंद्राचा नियम 2023 पासून लागू आहे. सायकलवरच्या मुलाबद्दल कायदा गप्प आहे.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर म्हणजे 'व्हॅन लावा'. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर लावावी. पण दोन-तीन मुलं असलेल्या, ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या माणसाला महिन्याचं व्हॅनचं भाडं म्हणजे किराण्यातला मोठा वाटा. शिवाय सायकल ही नाइलाजाची गोष्ट आहे, असं आपण का धरून चालतो? मुलगा कॅरिअरवरून पाढे म्हणत जातो, वाटेत प्रश्न विचारतो. दिवसभर कामावर असलेल्या बापाला मुलांसोबत मिळणारी ती वीस मिनिटं कदाचित दिवसातली सर्वांत चांगली असतात. आणि अम्मीनं सायकल चालवण्यात संकोचाचं काय आहे? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीबरोबर हजारो गरीब बायका सायकल शिकल्या, त्यात मुस्लिम बायकाही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती हकिकत देशापुढे आणली. बुरखा किंवा ओढणी चेनमध्ये अडकते ही खरी अडचण आहे. पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवली की ती सुटते. त्याच जाळीनं मुलाची टाच चाकाच्या तारांत जाण्यापासूनही वाचते. लहान मुलांना सायकलवर होणाऱ्या दुखापतींत ही एक नेहमीची आहे. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हे काम करून देईल.

आता जरा अवघड गोष्ट. शुक्रवारी दुपारी मशिदीच्या गल्लीत उभं राहून पाहा. सकाळच्या सत्राच्या शाळा सुटायच्या आणि जुम्म्यासाठी लोक जमायच्या वेळा एकमेकींना भिडतात. आपल्या मोटारसायकली दोन्ही कडांना, कुठे दुहेरी रांगेत, लागलेल्या असतात. कडेनं चालणारं मूल, मूल घेऊन निघालेली सायकल, सगळे रस्त्याच्या मधोमध ढकलले जातात. त्यांना तिथे ढकलणारे आपण असतो, नमाजला वेळेवर पोहोचायच्या घाईत. दुकानदार, टेम्पोवाले, लग्नाचे मांडव हेही करतात. ते करतात म्हणून आपला हिशेब माफ होत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अशा अर्थाची हदीस आहे की रस्त्यावर बसणारच असाल तर रस्त्याचा हक्क द्या, आणि त्या हक्कात कुणाला त्रास न देणं मोजलं आहे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हा इमानचाच एक भाग, हे तर आपण मकतबमध्ये पाठ केलेलं असतं. त्या दिवशी रस्त्यातली त्रासदायक वस्तू आपली स्प्लेंडर असते, एवढंच.

यावरचा उपाय साधा आहे. मशिदीच्या ट्रस्टींनी खुतब्याआधी दोन वाक्यांची सूचना द्यायची, आणि चार मुलांनी शाळेच्या बाजूची कड दोरी लावून मोकळी ठेवायची. घर जवळ असेल त्यानं पायी यायचं. पायी मशिदीत येण्याचं पुण्य वेगळं सांगायला नको.

हे आधी का? कारण त्यानंतर आपण जे मागणार आहोत ते मोठं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 नुसार ठराविक रस्त्यावर ठराविक वेळेत अवजड वाहनांना मनाई करता येते. गणेशोत्सवात नवी मुंबईचे वाहतूक पोलीस अशा अधिसूचना काढतात. सणासाठी जे जमतं ते शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी, फक्त शाळेसमोरच्या आतल्या रस्त्यांपुरतं, का जमू नये? महामार्ग बंद करा असं कुणी म्हणत नाही.

अर्ज कुणाकडे, हा आपल्याकडचा जुना घोळ. पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 ला झाली, नोड सिडकोनं वसवला, कंपन्यांतले रस्ते एमआयडीसीचे, महामार्ग आणखी तिसऱ्याच खात्याचा. प्रत्येकजण पुढचं टेबल दाखवतो. म्हणून एक दार सुचवतो, जे फारसं कुणी ठोठावत नाही. राज्याच्या 2011 च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि पालक-शिक्षक संघाच्या प्रतिनिधीबरोबर वाहतूक पोलीस, परिवहन खात्याचे निरीक्षक आणि स्थानिक संस्थेचा माणूसही तिच्यावर असतो. जे लोक एरवी चार कार्यालयांत शोधावे लागतात, ते इथे एका टेबलावर येऊ शकतात. बसशिवाय दुसरा विषय तिथे निघत नाही, कारण पायी आणि सायकलवर येणाऱ्या मुलांचे पालक तो काढत नाहीत. बरेचदा समिती आहे हेच त्यांना माहीत नसतं. तुमच्या मोठ्या भावाची, खालाची मुलं त्या शाळेत असतील तर आधी समितीची शेवटची बैठक कधी झाली ते लेखी विचारा.

नेदरलँड्सचे सायकलरस्ते पाहून आपण 'ते युरोप आहे' म्हणतो. 1971 साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली होती, त्यात चारशेहून जास्त मुलं. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकारानं लेख लिहिला आणि त्यातून 'मुलांच्या हत्या थांबवा' या नावाचीच चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्ते अडवून बसले. रस्ते त्यानंतर बदलले, तेही वर्षानुवर्षांच्या तगाद्यानं. आपल्याला कुणाच्या जनाज्यानंतर सुरुवात करायची नाही.

या महिन्यासाठी काम एवढंच. नावड्यातल्या आपल्या वाचकांनी दोघादोघांच्या जोड्या करून, सलग पाच शाळेचे दिवस, सकाळी अर्धा तास आणि सुटायच्या वेळी अर्धा तास शाळेसमोर उभं राहायचं. वहीत तीन रकाने: किती मुलं पायी आली, किती सायकलवर, आणि तेवढ्या वेळात किती ट्रक-कंटेनर गेले. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, नावं लिहायची नाहीत. शुक्रवार वगळू नका. त्या दिवशी चौथा रकाना, कडेला लागलेल्या आपल्या गाड्यांचा. चारही रकाने जसेच्या तसे अर्जाला जोडायचे.